वऱ्हाडात जेवायला येताय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

इटलीला जाणाऱ्या प्रवाशांसाठी लिहिलेली कुठलीही माहितीपुस्तिका उघडली, की जेवणाचं एक प्रकरण त्यात असतंच. जेवणानंतर कापुचिनो मागू नका, दुधाची कॉफी तिथे सकाळची. माशाच्या पास्त्यावर किसलेलं चीज मागू नका. बोलोन्या शहरात जाऊन ‘स्पॅगेटी बोलोनेज’ विचारू नका. तिथला खिम्याचा दाट रस्सा ताल्यातेल्ले नावाच्या रुंद पट्ट्यांच्या पास्त्याबरोबर खातात. तस्कनी प्रांतातला पाव अळणी लागला तर तक्रार करू नका, तो तसाच भाजतात. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून थोडी रक्कम लावलेली दिसली तर वाद घालू नका, ती टेबलावर बसल्याची आणि पावाची. या सगळ्या सूचनांचं तात्पर्य एकच असतं. ‘इटालियन जेवण’ नावाचं एक जेवण नाही, प्रत्येक प्रांताचं आपापलं आहे, आणि पाहुण्याने ते ओळखून बसावं.

आता आपल्याकडे पाहा. लोणारचं सरोवर पाहायला परदेशी अभ्यासक येतात. मेळघाटात वाघ आणि पक्षी पाहणारे येतात. शेगावला तर देशभरातून माणसं येतात. शिवाय आता अकोल्याच्या जठारपेठेसारख्या वस्तीत असं घर सापडतं, जिथला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत किंवा जर्मनीत आहे आणि दिवाळीला किंवा उन्हाळ्यात सोबत तिकडची सून, जावई नाहीतर मित्र येतात. त्यांना आपण काय खाऊ घालतो? बहुतेक वेळा हॉटेलातलं पनीर आणि नान. ‘त्यांना आपलं तिखट सोसणार नाही’ असं आपणच ठरवून टाकतो. म्हणून वऱ्हाडात जेवायला येणाऱ्या पाहुण्याला काय सांगावं, आणि त्याला बोलावणाऱ्या घराने काय लक्षात ठेवावं, याबद्दल आज थोडं बोलू या.

पहिली गोष्ट प्रदेशाची. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम, असे पाच जिल्हे. बाहेरच्या माणसाला विदर्भातलं जेवण म्हटलं की ‘सावजी’ हा एकच शब्द आठवतो. सावजी रस्सा ही नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकर समाजाची देणगी. ती चव मोठी आहेच. पण वऱ्हाडातल्या घरात रोज तसं जेवण होत नाही. वऱ्हाडी जेवण मुळात शेतकऱ्याचं आहे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, बेसन, एखादी पालेभाजी, ठेचा आणि कांदा. सणावारी त्याला पुरणाची जोड. ज्याला हे साधं जेवण कळलं, त्याला वऱ्हाड निम्मं कळलं.

हे जेवण असं का झालं, याचं उत्तर जमिनीत आहे. काळी कसदार जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा. या जमिनीत कापूस पिकला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पण कापूस खाता येत नाही. म्हणून त्याच्या जोडीला शेतकऱ्याने ज्वारी आणि तूर लावली. ज्वारीचा दाणा माणसाला, कडबा बैलाला. तुरीची डाळ घरात, तुऱ्हाट्या चुलीत. हरभऱ्याचं झालं बेसन. तेलासाठी तीळ, जवस, भुईमूग. समुद्र दूर, त्यामुळे ओला नारळ स्वयंपाकात जवळजवळ नाही. त्याची जागा शेंगदाणे, तीळ, खसखस आणि सुक्या खोबऱ्याने घेतली.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही आणि चहाही फसतो, म्हणून गोडं पाणी लांबून आणण्यात तिथल्या बायकांचे जन्म गेले. त्या भागात कुणी पाहुण्यासमोर आधी तांब्याभर गोडं पाणी ठेवतं, तेव्हा त्या पाण्याची किंमत ओळखावी. भाजी कमी आणि उन्हाळा लांब, म्हणून वाळवणाला महत्त्व आलं. कुरडया, बाजरीच्या खारोड्या, मुगाच्या वड्या, सांडगे. एप्रिलमध्ये गच्चीवर धोतरं पसरून वाळवलेलं हे धन पावसाळ्यात कामाला येतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. पुण्या-मुंबईचा मराठी माणूससुद्धा इथे गोंधळतो, मग परदेशी माणसाचं काय सांगावं! पोह्याच्या गाडीवर विचारतात, ‘सांबार टाकू का?’ पाहुण्याच्या डोळ्यांसमोर इडलीबरोबरचं सांबार येतं आणि तो घाईने नको म्हणतो. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी. बटाटा इथे आलू, म्हणून बटाटेवडा हा आलूबोंडा. शेंगदाणे म्हणजे फल्लीदाणे. टोमॅटो हा टमाटर, आणि खेड्यात भेदरं. लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. ‘आज बेसन-भाकर आहे’ असं म्हटलं तर पुढ्यात कच्चं पीठ येणार नाही, पिठलं येईल. पातळ भाजी म्हणजे पालकासारखी पालेभाजी घालून केलेलं डाळीचं कालवण. एवढे सातआठ शब्द कागदावर लिहून दिले, तरी पाहुण्याचा दिवस सुखाचा जातो.

सकाळपासून सुरुवात करू. वऱ्हाडातला सकाळचा फराळ म्हणजे आलूपोहे. काही ठिकाणी त्यावर हरभऱ्याची तर्री ओततात. पाहुण्याने तर्री आधी वेगळ्या वाटीत मागावी, चाखावी, मग ठरवावं. घरी असाल तर उकडपेंडी करा. गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ खमंग भाजून, कांदा-मिरचीच्या फोडणीत पाण्याचा किंवा ताकाचा हबका देऊन वाफवलेला हा पदार्थ. उपमा माहीत असलेल्या माणसाला तो लगेच कळतो, आणि हॉटेलात तो सहसा मिळत नाही. अमरावतीला गेलात तर गिला वडा. आणि रेल्वेने येणाऱ्याला शेगावची कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शेगावच्या रेल्वे स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली. तिला चटणी लागत नाही. सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची असते, आणि मिरची खाल्लीच पाहिजे असं काही नाही, हे पाहुण्याच्या कानात सांगून ठेवावं. पंजाबातून आलेल्या माणसाने केलेला पदार्थ आज वऱ्हाडची ओळख आहे, हेही सांगण्यासारखं. अकोला, बाळापूर, अचलपूरच्या मुस्लिम वस्त्यांमधलं रमजानच्या संध्याकाळचं खाणं, मारवाडी आणि सिंधी घरांची मिठाई-नमकीन, हे सगळं वऱ्हाडच्याच ताटात मोडतं.

दुपारच्या जेवणात काय खावं? वरण-फळं हा पदार्थ परदेशी पाहुण्याला सर्वांत लवकर आवडेल असं मला वाटतं. कणकेच्या लाट्या लाटून, कापून त्या फोडणीच्या वरणात शिजवायच्या आणि वर तूप सोडायचं. इटलीतही गरीब घरांत वाल-चवळीसारखी कडधान्यं आणि पास्ता एकत्र शिजवतात, त्याला ‘पास्ता ए फाजोली’ म्हणतात. दोन्हींमागचा विचार एकच. डाळ आणि गहू एका भांड्यात घातले की एका चुलीवर, कमी सरपणात, पूर्ण जेवण होतं. गोळाभात हा दुसरा पदार्थ. तिखट-मीठ लावलेल्या भरड डाळीच्या पिठाचे गोळे भाताबरोबर वाफेवर शिजतात. ते भातात कुस्करून वर कढत फोडणीचं तेल घेतात. कोरडं खाऊ नये, घशात बसतं. सोबत कढी किंवा ताक हवंच. पातोडी-रस्सा म्हणजे बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात सोडलेल्या. भाजीवाला येत नाही त्या दिवसात घरातल्या बेसनाने किती रूपं घेतली ते या पदार्थांत दिसतं.

उन्हाळ्यात येणाऱ्याला सरगुंडे आणि आमरस चुकवू देऊ नका. गव्हाच्या भिजवलेल्या पिठाची बारीक दोरी बारीक काडीवर गुंडाळायची, सोडवून घ्यायची आणि वाळवून ठेवायची. जेवायच्या वेळी उकडून आमरसाबरोबर खायची. इटलीच्या सिसिली बेटावर, त्रापानी भागात, ‘बुझ्याते’ नावाचा पास्ता अशाच रीतीने गवताच्या काडीवर वळतात. हजारो मैलांवरच्या दोन बायकांच्या बोटांना एकच युक्ती सुचली. परदेशी पाहुण्याला हे सांगितलं, तर सरगुंडे हा विचित्र पदार्थ न राहता ओळखीचा होतो.

थंडीत आलात तर रोडगे. जाड दळलेल्या गव्हाच्या कणकेला तेल लावून, घड्या घालून गोळे करतात आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. राख झटकून, पुसून, ते तुपात मोडून वरणाबरोबर आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. हा पदार्थ घरातल्या टेबलावर खायचा नाही. तो देवळाच्या आवारात किंवा शेतात, नवस फेडायला, पाचपन्नास माणसांच्या पंगतीत होतो. एकनाथांच्या भारुडातही रोडग्याचा नवस आहे, यावरून तो किती जुना ते कळावं. राखेत भाजलेलं अन्न पाहून पाहुणा बिचकला, तर राजस्थानच्या बाटीचं उदाहरण द्यावं. त्याच थंडीत वांग्याचं भरीत असतं, ज्वारीचा हुरडा असतो, आणि वरूड-मोर्शीच्या बागांमधली संत्री असतात. मेळघाटाकडे निघालेल्यांनी चिखलदऱ्याची कॉफी विचारावी. इंग्रजांच्या काळापासून तिथे कॉफीची लागवड आहे.

आता तिसरी गोष्ट, घरच्या जेवणाची रीत. वऱ्हाडात जेवणाला बोलावणं म्हणजे आवतण. हा शब्द किती गंभीर आहे ते पोळ्याच्या आदल्या दिवशी दिसतं. त्या संध्याकाळी शेतकरी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून खांदा शेकतो आणि उद्या जेवायला ये म्हणून बैलालाही तोंडाने आवतण देतो. दुसऱ्या दिवशी बैल पुरणपोळी खातो, मग माणसं. बैलालासुद्धा जिथे आवतण लागतं तिथे पाहुण्याने ‘येतो’ म्हणून न जाणं किंवा चार माणसं न सांगता वाढवणं हे मनाला लागतं. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाचं आवतण आलं, तर शक्यतो मोडू नये. त्या दिवशी पुरणपोळी, कढी आणि अनेक भाज्यांबरोबर ज्वारीची आंबील असते. सोन्याचांदीने मढलेल्या देवीच्या नैवेद्यातही ज्वारी हवी, हे त्या ताटाचं सांगणं आहे.

घरात गेल्यावर आधी पाणी येतं, मग चहा. चहा नको असेल तर ‘अर्धा द्या’ म्हणावं. एकदम नकार दिला तर घरच्यांना परकं वाटतं. जेवायला बसल्यावर सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबावं. उजव्या हाताने जेवावं. भाकर एका हाताने मोडणं पहिल्यांदा जमत नाही. दोन्ही हातांनी मोडली तरी कुणी हसत नाही. चटणीवर कच्चं तेल घालतात, ते पाहून नवल करू नये. तिखटाचा जोर तेलाने, तुपाने आणि दह्याने कमी होतो, पाण्याने होत नाही. म्हणून पाहुण्याच्या ताटाजवळ दह्याची वाटी आधीच ठेवावी.

मग येतो आग्रह. ‘घ्या ना भाऊ, अर्धी तं हाय!’ पहिला नकार इथे नकार धरला जात नाही, तो संकोच समजला जातो. म्हणून पाहुण्याने पहिल्यांदा थोडं कमी घ्यावं आणि दुसऱ्यांदा मागून घ्यावं. मागून घेतलेल्या अर्ध्या भाकरीने वाढणाऱ्या ताईंना जेवढा आनंद होतो तेवढा दहा वेळा ‘फार छान’ म्हटल्याने होत नाही. पोट भरलं की ताटावर आडवा हात धरावा आणि ‘पोट भरलं, आता पुरे’ असं म्हणावं. हा हात सगळ्यांना कळतो. पानात मात्र टाकू नये. शेगावचे गजानन महाराज १८७८ साली लोकांना प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, अशी कथा इथे घरोघरी सांगतात. त्यांच्या नैवेद्याला आजही पिठलं-भाकर आणि अंबाडीची भाजी असते. याच मातीतले गाडगेबाबा गाव झाडून काढल्याशिवाय भाकर घेत नसत. दोघांचे फोटो घरोघरी भिंतीवर असतात, त्यांच्या समोर अन्न वाया घालवणं कुणालाच रुचत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच घरांत अजून पाहुणे आणि पुरुष आधी जेवतात आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया शेवटी. परदेशी पाहुण्याला हे खटकतं आणि तो ‘तुम्हीही बसा’ म्हणून आग्रह धरतो. भावना चांगली असते. पण ज्वारीची भाकर तव्यावरून ताटात यावी लागते, म्हणून चुलीशी कुणीतरी हवंच. आग्रहाने त्या बाईची अडचण होते. त्यापेक्षा पाहुण्याने वेळेवर बसावं, गप्पांत तासभर पान अडवू नये आणि हात धुऊन लवकर उठावं, म्हणजे तिला गरम जेवता येईल. घरच्यांनीही यावर विचार करायला हरकत नाही. दहा भाकरी आधी थापून फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि सगळे एकत्र बसले, तर एक घास थोडा कमी गरम लागेल, एवढंच. जेवणाचे पैसे मात्र पाहुण्याने घरी कधी देऊ करू नयेत. फळं न्यावीत, लेकरांसाठी काही न्यावं.

आणखी एक सूचना जिवाच्या काळजीची आहे. परदेशात अनेकांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. काहींचा घसा सुजून श्वास कोंडतो, जीवही जाऊ शकतो. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट भाजीत असतो, चटणीत असतो, पोह्यात दाणे असतात, तळणीला शेंगदाण्याचं तेल असतं. ‘चिमूटभराने काय होते’ हे वाक्य इथे चालत नाही. पाहुणा येण्याआधीच त्याला विचारा. तिळाबद्दलही विचारा. असा पाहुणा असेल तर कूट वापरलेला चमचासुद्धा त्याच्या भाजीत घालू नका, आणि बाहेर खाताना दुकानदाराला ‘फल्लीदाणे अजिबात नको’ असं त्याच्या वतीने तुम्हीच सांगा. दुसरीकडे गव्हाच्या पदार्थांनी ज्यांना त्रास होतो अशा माणसांना ज्वारी हे वरदान आहे, कारण गव्हातलं ते ग्लुटेन ज्वारीत नसतं. फक्त पिठात गहू मिसळलेला नाही आणि गिरणीत आधी गहू दळलेला नव्हता, याची खात्री करावी.

चौथी गोष्ट हॉटेलची. महामार्गावरच्या ढाब्यांच्या मेनूकार्डावर पंजाबी, चायनीज सगळं सापडतं, वऱ्हाडी एखाद्या ओळीत. याला ढाबेवाल्याचा दोष म्हणता येणार नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. ते ताजं दळलेलं लागतं, जुनं झालं की पिठाची विरी जाते आणि भाकर फाटते. गरम पाण्यात मळून, एकेक हाताने थापावी लागते. त्यासाठी हात तयार असलेली बाई लागते आणि तिला नीट मजुरी द्यावी लागते. म्हणून भाकर खायची असेल तर खानावळीत सकाळीच सांगून ठेवावं. ‘तिखट कमी’ असं न म्हणता ‘ठेचा आणि तर्री वेगळी द्या’ असं सांगावं. स्वयंपाक्याला ते सोपं पडतं. उन्हाळ्यात दुपारी एकच्या आत जेवून घ्यावं, नंतर निम्मी दुकानं झापड ओढतात. भोजनालयातली थाळी ठरावीक दराची असते आणि वाढपी पुन्हा पुन्हा येतो, म्हणून एकदम ताट भरून घेऊ नये. श्रावणात किंवा चतुर्थीला एखाद्या ठिकाणी मांसाहार किंवा कांदा-लसूण नसेल, तर हट्ट धरू नये.

आता हे सगळं सांगण्यामागचं खरं कारण. वऱ्हाडी जेवणाचा पाया ज्वारी आहे, आणि वऱ्हाडच्या शेतातून ज्वारी निघून चालली आहे. पूर्वी खरिपात कापसाच्या जोडीला ज्वारीचं वावर असायचंच. १९९० नंतर सोयाबीन आलं, तीन-साडेतीन महिन्यांत नगद पैसा देऊ लागलं, आणि ज्वारीचं वावर त्याच्याकडे गेलं. ज्वारीचं दुखणंही खरं आहे. कणसं भरताना परतीचा पाऊस लागला तर दाणा काळा पडतो आणि भाव निम्मा होतो. पाखरं राखावी लागतात, रानडुकरं नासधूस करतात, कापणी-मळणीला मजूर मिळत नाहीत. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, मग कडब्याची ओढही कमी झाली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, तेव्हा घरात पोळी रोजची झाली आणि भाकर पाहुणी. अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीवर संशोधन करणारं स्वतंत्र केंद्र आहे. नवी वाणं निघाली, उत्पन्न वाढलं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. पण वाण कितीही चांगलं असलं, तरी खाणारा नसेल तर पेरणार कोण?

इथेच पाहुण्याचा संबंध येतो. इटलीत १९८५ साली कायदा झाला आणि शेतकऱ्याला आपल्या घरी पाहुणे ठेवून त्यांना शेतातलं जेवण वाढायची वाट मोकळी झाली. त्याला ते ‘आग्रितुरिझ्मो’ म्हणतात. खेड्यातली जुनी घरं आणि जुने पदार्थ टिकायला त्याचा हातभार लागला. महाराष्ट्र शासनानेही २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. लोणार, शेगाव आणि मेळघाटच्या वाटेवर शेकडो गावं आहेत. त्या गावांत एखाद्या शेतकऱ्याने पौषात हुरडा, माघात रोडगे, वैशाखात सरगुंडे-आमरस असं पाहुण्याला योग्य दराने वाढलं, तर अर्धा एकर ज्वारी ठेवायला त्याला कारण मिळेल. भाकरी थापणाऱ्या हाताला मजुरी मिळेल. एका पाहुण्याने फार फरक पडणार नाही. पण रोज दहा गिऱ्हाईकांनी ढाब्यावर भाकर मागितली, तर ढाबेवाला आठवड्याभरात थापणारी बाई शोधतो. विकणारा नेहमी मागणाऱ्याकडे पाहून ठरवत असतो.

म्हणून घरी बाहेरचा पाहुणा येणार असेल, तेव्हा त्याला हॉटेलात नेण्याची घाई करू नका. त्याला आधी शेंगदाणे चालतात का ते विचारा. ताज्या पिठाच्या चार भाकरी, तुरीचं साधं वरण, वांग्याची भाजी, दह्याची वाटी आणि बाजूला ठेचा, एवढं पुष्कळ झालं. हे काय आहे, कुठल्या शेतातलं आहे, ते दोन वाक्यांत त्याला सांगा. आणि तुम्ही स्वतः बाहेरगावी निघालात, तर रस्त्यावरच्या ढाब्यावर बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारा, ज्वारीची भाकर आहे का? नाही म्हणाला तर परतीच्या वाटेवर पुन्हा विचारा.